स्क्रिप्टमधून तरंगाग्र-विश्लेषणाचे निकाल जतन करण्याची पद्धत

भिंगांची एखादी रचना सॉफ्टवेअरमध्ये उघडून तरंगाग्राचा नकाशा (प्रकाशलहरीचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून कुठे किती ढळला ते) पडद्यावर पाहणे हे दोन क्लिकचे काम आहे; पण तीच रचना तीन फील्डसाठी (म्हणजे प्रकाश येण्याच्या तीन दिशांसाठी), पाच तरंगलांब्यांसाठी आणि चार तापमानांना तपासायची म्हटली की साठ नकाशे होतात आणि स्क्रिप्टशिवाय गत्यंतर राहत नाही. नवखी मंडळी स्क्रिप्टमधल्या गणिताकडे पुष्कळ लक्ष देतात आणि निकाल फाइलमध्ये उतरवण्याच्या चार ओळी शेवटी घाईघाईने लिहून टाकतात. सहा महिन्यांनी कोणी विचारले की हा ०.०७१ नेमका कशाचा, तर उत्तर त्या चार ओळींनी लिहिलेल्या फाइलीत सापडायला हवे, आणि बहुधा ते तिथे नसते.

या लेखात उदाहरणासाठी झेमॅक्सचे ऑप्टिकस्टुडिओ आणि ते पायथॉनमधून चालवणारा झेडओएस-एपीआय हा जोडदुवा घेतला आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सॉफ्टवेअरच्या मदत-पुस्तिकेत ती ओळखू येतील. व्यतिकरणमापकावर (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळवून आकार मोजणाऱ्या उपकरणावर) आरसा मोजून आलेल्या नकाशालाही यातील बहुतेक सूचना तशाच लागू पडतात, फक्त नकाशा मिळवण्याची पायरी वेगळी असते.

आधी काय जपायचे ते ठरवावे

रंगीत चित्र म्हणजे निकाल नव्हे. अहवालात लावायला पीएनजी चित्र अवश्य काढावे, पण रंगावरून मूळ आकडा परत मिळत नाही आणि रंगपट्टीच्या टोकांपलीकडची मूल्ये तर चित्रात कायमची हरवलेली असतात. एकटा आरएमएस, म्हणजे त्रुटीच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, हाही पुरेसा नाही. मारेशाल यांच्या निकषानुसार तरंगाग्राची आरएमएस त्रुटी तरंगलांबीच्या चौदाव्या भागाइतकी असेल तर स्ट्रेल गुणोत्तर (बिंदूच्या प्रतिमेची मध्यावरची तेजस्विता आदर्श प्रतिमेच्या किती पट) सुमारे ०.८ भरते आणि प्रणाली विवर्तन-मर्यादित, म्हणजे व्यवहारात निर्दोष, मानली जाते. परंतु ती त्रुटी गोलीय विपथनाची (कडेचे आणि मधले किरण वेगवेगळ्या जागी मिळण्याची) आहे, कोमाची (बिंदू धूमकेतूसारखा दिसण्याची) आहे की भिंग बसवताना पडलेल्या ताणाची, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही, आणि दुरुस्ती कुठे करायची ते तर त्यावरच अवलंबून असते.

म्हणून जतन करायच्या गोष्टी चार आहेत: तरंगाग्राचा संपूर्ण नकाशा, म्हणजे आकड्यांची द्विमितीय सारणी, प्रकाश कुठून जातो आणि कुठून जात नाही हे सांगणारा मुखवटा, झर्निके सहगुणक (नकाशा ठरावीक आकारांच्या बेरजेत मांडला की प्रत्येक आकाराचा वाटा), आणि या तिन्हींचा अर्थ लावण्यासाठी लागणारा संदर्भ. आरएमएस, पीव्ही (सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदूंमधला फरक), स्ट्रेल हे सगळे यांतून केव्हाही पुन्हा काढता येते. ते सोयीसाठी लिहून ठेवावेत, पण त्यांच्यावर विसंबून मूळ नकाशा टाकून देऊ नये.

आपल्याला पटत नाहीत म्हणून निकाल पुसणे तर अगदीच टाळावे. एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाची कडा सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झालेली होती, कारण आरसा तपासणाऱ्या नल-करेक्टरमधील एका भिंगाची जागा १.३ मिलिमीटरने चुकली होती. आरसा तयार होत असताना केलेल्या इतर चाचण्यांत गोलीय विपथन दिसलेही होते, मात्र मुख्य नल-करेक्टरवर जास्त विश्वास असल्याने ते बाजूला सारले गेले. पुढे चौकशी समितीला चूक शोधता आली, याचे एक कारण असे की ते उपकरण आणि ते जुने व्यतिकरण-आलेख शिल्लक होते. आपल्या स्क्रिप्टमध्येही वगळलेल्या निकालासाठी ‘नाकारले’ अशी खूण आणि कारणाची एक ओळ लिहिण्याची सोय ठेवावी, आणि फाइल मात्र जागेवर राहू द्यावी.

नकाशा बाहेर काढणे

एपीआयमधून विश्लेषण तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. न्यू-अ‍ॅनालिसिस या आज्ञेने विश्लेषण ठरलेल्या मूलभूत सेटिंगवर लगेच चालते, तर न्यू-अ‍ॅनालिसिस-सेटिंग्ज-फर्स्ट या आज्ञेने ते न चालता सेटिंगची वाट पाहते. नवख्यांनी दुसरा मार्ग घ्यावा: फील्ड, तरंगलांबी आणि नमुन्यांची संख्या आधी ठरवावी, मग अ‍ॅप्लाय-अँड-वेट-फॉर-कम्प्लिशन ही आज्ञा द्यावी आणि त्यानंतरच गेट-रिझल्ट्स मागावे. मधली आज्ञा विसरली तरी पहिल्या मार्गात स्क्रिप्ट कुरकुर करत नाही; ती जुन्याच सेटिंगचा निकाल निमूटपणे हाती ठेवते, आणि पाच तरंगलांब्यांचे पाच नकाशे दशांशाच्या शेवटच्या स्थळापर्यंत एकसारखे आले की मगच संशय येतो.

निकालातून गेट-डेटा-ग्रिडने पहिले ग्रिड मागितले की आकड्यांसोबत मिन-एक्स, मिन-वाय, डी-एक्स आणि डी-वाय ही चार मूल्येही मिळतात. पहिली दोन ग्रिडचा कोपरा सांगतात, उरलेली दोन दोन नमुन्यांमधले अंतर सांगतात. ही चारही जतन करावीत, नाही तर सारणीतील शंभरावा स्तंभ प्युपिलवर (ज्या खिडकीतून प्रकाश प्रणालीत जातो-येतो तिच्यावर) नेमका कुठे पडतो हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

मिळालेली सारणी डॉटनेटच्या स्वरूपात असते आणि ती नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या संचाच्या सारणीत बदलावी लागते. ऑप्टिकस्टुडिओ पायथॉनसाठी जो तयार सांगाडा बनवून देतो त्यात यासाठी रिशेप नावाची एक छोटी पद्धत असते आणि तिच्यात ओळी-स्तंभांची अदलाबदल करण्याचा पर्यायही असतो. अदलाबदल करायची की नाही हे तर्काने ठरवत बसण्यापेक्षा एकदा प्रयोग करून पाहावा. अक्षावरचे फील्ड घेऊन रचनेतील एक भिंग मुद्दाम वाय दिशेने ०.१ मिलिमीटर सरकवावे, नकाशा काढावा आणि कोमाचा उंचवटा व खळगा वाय अक्षावर आले आहेत ना ते बघावे. ते एक्स अक्षावर दिसले तर ओळी आणि स्तंभ उलटे झाले आहेत. वर-खालीचा घोळ याहून वेगळा असतो: ग्रिडची पहिली ओळ सर्वांत कमी वाय मूल्याची असते, तर चित्रे काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबची इमशो आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, पहिली ओळ चित्राच्या माथ्यावर काढते. अशा वेळी चित्राची दिशा चित्र काढतानाच बदलावी, जतन करायच्या सारणीला हात लावू नये. एकाने सारणी उलटवली आणि दुसऱ्याने चित्र उलटवले की चूक झाकली जाते आणि पुढे तिसऱ्याच्या गळ्यात पडते.

प्युपिलबाहेरची शून्ये

हा मुद्दा बारीक वाटतो, पण माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुकीचे आकडे याच्यामुळे आले आहेत. सारणी चौकोनी असते आणि प्युपिल बहुधा गोल. वर्तुळ चौरसात नेमके बसवले तर चौरसाचा सुमारे २१.५ टक्के भाग वर्तुळाबाहेर राहतो. या कोपऱ्यांत शून्ये भरलेली असतील आणि स्क्रिप्टने सगळ्या पेशी धरून आरएमएस काढला, तर खरा ०.०७१ तरंगलांबी असलेला आरएमएस ०.०६३ दिसू लागतो. स्ट्रेल गुणोत्तराच्या घातांकी सूत्रात तो घातला की ०.८२ च्या जागी सुमारे ०.८५५ मिळते. रचना आहे त्याहून चांगली दिसते, आणि चांगला आकडा कोणी तपासायला जात नाही.

त्यामुळे मुखवटा ही स्वतंत्र सारणी म्हणून जतन करावी: आत एक, बाहेर शून्य. ‘मूल्य शून्य असेल तर बाहेर’ असा सोपा नियम लावून मुखवटा बनवू नये, कारण प्युपिलच्या आतही एखाद्या जागी त्रुटी खरोखरच शून्य असू शकते; मिन-एक्स आणि डी-एक्सवरून प्रत्येक पेशीचे केंद्रापासूनचे अंतर काढून मुखवटा बनवावा, किंवा प्युपिल कापलेले असल्यास किरण पोहोचतात की नाही ते पाहावे. नकाशात बाहेरच्या पेशींमध्ये ‘नॅन’ म्हणजे ‘आकडा नाही’ हे मूल्य भरले की पुढे कोणी बेफिकिरीने सरासरी काढलीच तर उत्तरही ‘नॅन’ येते आणि चूक लगेच उघडी पडते. दुर्बिणीत दुय्यम आरशाची सावली मध्यभागी पडत असेल तर ती मुखवट्यात यायलाच हवी, शिवाय तिचे व्यासाशी असलेले गुणोत्तर संदर्भात लिहावे; कंकणाकृती प्युपिलवर नेहमीची झर्निके पदे परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, हे वाचणाऱ्याच्या लक्षात यायला हवे.

झर्निके सहगुणक आणि त्यांचा क्रमांक

झर्निके सहगुणकांचे विश्लेषण एपीआयमधून ग्रिडच्या रूपाने मिळत नाही. गेट-टेक्स्ट-फाइल या आज्ञेने मजकुराची फाइल लिहवून घ्यावी लागते आणि ती वाचून आकडे वेचावे लागतात. इथे तीन ठेचा ठरलेल्या आहेत. पहिली, फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. नुसते नाव दिले की फाइल कुठे गेली ते शोधत फिरावे लागते. दुसरी, सॉफ्टवेअरच्या पसंतीत मजकुराचे संकेतन युनिकोड ठेवलेले असेल तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि पायथॉनने ती यूटीएफ-८ समजून उघडली तर पहिल्याच बाइटला अडखळून स्क्रिप्ट थांबते. संकेतन स्पष्ट लिहिले की हा प्रश्न मिटतो. तिसरी ठेच अशी की या फाइलीत आरएमएस एकदाच नसतो. मुख्य किरणाच्या (प्युपिलच्या मध्यातून जाणाऱ्या किरणाच्या) संदर्भाने एक, केंद्रकाच्या संदर्भाने दुसरा, आणि हे दोन्ही किरणांच्या बेरजेवरून एकदा व बसवलेल्या सहगुणकांवरून पुन्हा एकदा. ‘आरएमएस’ शब्दाने सुरू होणारी पहिली ओळ पकडणारी स्क्रिप्ट यांतला कुठला तरी एक उचलते. ओळीचा पूर्ण मथळा जुळवून पाहावा, चारही आकडे वेगवेगळ्या नावांनी जतन करावेत, आणि मजकुराची मूळ फाइलही सोबत ठेवावी. ती काही किलोबाइटांची असते.

आता क्रमांकांविषयी, आणि हा भाग सावकाश वाचावा. फ्रिट्स झर्निके यांनी ही बहुपदे १९३४ मध्ये मांडली, पण त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धती नंतर अनेक झाल्या. नॉल यांची १९७६ ची पद्धत एकपासून मोजते. ऑप्टिकस्टुडिओत जिला ‘स्टँडर्ड’ म्हणतात ती हीच. ‘फ्रिंज’ पद्धतीचा क्रम निराळा आहे आणि तिथे पदे ३७ च असतात. डोळ्यांच्या मापनात रूढ असलेली ओएसए पद्धत शून्यापासून मोजते. चार क्रमांकाचे पद तिन्हींत डिफोकसच (फोकस पुढेमागे सरकणे) असल्यामुळे माणूस गाफील राहतो. नऊ क्रमांकाचे पद पाहा: फ्रिंजमध्ये ते प्राथमिक गोलीय विपथन आहे, नॉल आणि ओएसए पद्धतींत मात्र ते त्रिपर्ण, म्हणजे तीन पाकळ्यांचा आकार, आहे. गोलीय विपथन नॉलमध्ये अकरावे आणि ओएसएमध्ये बारावे. ‘झेड ९ = ०.०५’ एवढेच फाइलीत लिहिलेले असेल तर वाचणाऱ्याने काय समजावे?

केवळ क्रमांक जुळवूनही भागत नाही, कारण मोजपट्टीही बदलते. नॉल पद्धतीत प्रत्येक पद असे आखलेले असते की सहगुणक हाच त्या पदाचा आरएमएस होतो. फ्रिंज पद्धतीत तसे नाही. फ्रिंजमधील ०.०५ तरंगलांबीचे गोलीय विपथन म्हणजे ०.०५ भागिले ५ चे वर्गमूळ, सुमारे ०.०२२ आरएमएस. यावर साधा उपाय आहे: सारणीत प्रत्येक सहगुणकासमोर क्रमांकासोबत त्रिज्यीय घात आणि कोनीय वारंवारता हे दोन पूर्णांक लिहावेत, आणि पद्धतीचे नाव व मोजपट्टी संदर्भात स्वतंत्र नोंदवावी. मग उद्या कोणती पद्धत वापरात येईल याची काळजी करावी लागत नाही.

एकके आणि संदर्भ

‘०.१ तरंगलांबी’ हे अर्धवट वाक्य आहे. हेलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटरवर त्याचा अर्थ ६३.२८ नॅनोमीटर, तेवढाच मार्गफरक ५५० नॅनोमीटरवर ०.११५ तरंगलांबी होतो. नकाशा नॅनोमीटरमध्ये ठेवावा आणि तरंगलांबी वेगळी लिहावी असे माझे मत आहे. तरंगलांबीच्या पटीत ठेवायला हरकत नाही, पण मग तरंगलांबीची नोंद त्याच फाइलीत हवी, दुसरीकडे नव्हे. आरशाच्या बाबतीत आकडा पृष्ठभागाचा आहे की तरंगाग्राचा हेही लिहावे, कारण लंब दिशेने परावर्तित होताना पृष्ठभागावरची चूक तरंगाग्रात दुप्पट होते. आपल्याकडे हौसेने आरसे घासणाऱ्यांच्या गप्पांत ‘एक-अष्टमांश वेव्हचा आरसा’ हे विशेषण सर्रास ऐकू येते. ते पृष्ठभागाचे की तरंगाग्राचे, पीव्हीचे की आरएमएसचे, हे चार वेळा विचारल्याशिवाय कळत नाही.

संदर्भात आणखी काय असावे? रचनेच्या फाइलचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती, स्क्रिप्टचा गिटमधील (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील) कमिट-क्रमांक, फील्ड, नमुन्यांची संख्या, चिन्हाचा संकेत म्हणजे धन मूल्य तरंगाग्र पुढे असल्याचे दाखवते की मागे, आणि नकाशातून टिल्ट (एकूण तिरपेपणा) किंवा डिफोकस वजा केले आहे की नाही. शेवटची नोंद हमखास राहून जाते. वेळ लिहिताना तारीख आणि +०५:३० हा वेळेचा फरक दोन्ही लिहावे.

हा संदर्भ जेसन फाइलीत ठेवणे सोयीचे पडते. टिपण मराठीत लिहायचे असल्यास खुशाल लिहावे. फाइल उघडताना संकेतन यूटीएफ-८ द्यावे आणि जेसन लिहिताना एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद करावा, नाही तर आपली देवनागरी अक्षरे उलट्या रेघा आणि आकड्यांच्या लांबलचक माळेत बदलतात. जेसनच्या प्रमाणात ‘नॅन’ला जागा नाही. पायथॉन ते लिहून देतो, पण दुसऱ्या भाषेतील वाचक ती फाइल नाकारू शकतो, म्हणून न मिळालेल्या मूल्यासाठी ‘नल’ वापरावे.

फाइलचे स्वरूप

सीएसव्ही कोणालाही उघडता येते, म्हणून सहगुणकांच्या छोट्या सारणीला ते उत्तम. नकाशासाठी ते जड पडते: ५१२ × ५१२ चा दुहेरी अचूकतेचा नकाशा द्विमान स्वरूपात सुमारे २ एमबी असतो, तर नमपायची सेव्हटेक्स्ट आज्ञा तिच्या मूळ सवयीप्रमाणे तोच मजकुरात साडेसहा एमबीच्या आसपास नेते. एकट्याने काम करायचे असेल तर नमपायचे एनपीझेड पुरे. नकाशा, मुखवटा आणि ग्रिडची मापे एकाच फाइलीत मावतात. शेकडो नकाशे एकत्र ठेवायचे असतील आणि प्रत्येकाला आपापला संदर्भ चिकटवायचा असेल तर एचडीएफ५ घ्यावे. खगोलशास्त्रात देवाणघेवाण असेल तर फिट्स. मात्र तिथे शीर्षकातील प्रत्येक नोंद ८० अक्षरांची आणि तिचे नाव ८ अक्षरांपर्यंतचे असते, आणि तिथे देवनागरी चालत नाही. कोणतेही स्वरूप घ्या, पण एका प्रकल्पात एकच घ्या.

नावे, आणि एक फसलेली रात्र

अनेक वर्षांपूर्वी मी सहनशीलतेची, म्हणजे रचनेतील मापे थोडीथोडी बदलून पाहण्याची, दोनशे आवर्तने रात्रभर चालायला लावून घरी गेलो होतो. सकाळी येऊन पाहतो तर फोल्डरमध्ये एकच फाइल. नाव आवर्तनाबाहेर ठरवले होते, त्यामुळे प्रत्येक निकाल आधीच्या निकालावर लिहिला गेला आणि उरला तो दोनशेवा. तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये फाइल नेहमी ‘एक्स’ पद्धतीने उघडली जाते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथॉन लिहायला नकार देतो. नमपायच्या सेव्ह-आज्ञांना असा पर्याय नाही, पण ‘एक्सबी’ पद्धतीने उघडलेली फाइल त्यांच्या हाती देता येते.

नावात तारीख, रचना, फील्ड, तरंगलांबी आणि आवर्तन-क्रमांक असावा, आणि क्रमांकापुढे शून्ये लावावीत, म्हणजे ००२ नंतर ०१० योग्य जागी येतो. वेळेतील विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह विंडोजला नावात चालत नाही. निकाल आवर्तन संपण्याची वाट न पाहता प्रत्येक फेरीत लिहावा. लिहिताना वीज गेली तर अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी दिसू नये, यासाठी आधी तात्पुरत्या नावाने लिहून, फाइल बंद करून, मग तिचे नाव बदलावे.

परत वाचून पाहणे

जतन केल्यावर लगेच त्याच स्क्रिप्टने फाइल पुन्हा उघडावी आणि स्मृतीतील सारणी न वापरता फाइलीतल्या नकाशा व मुखवट्यावरून आरएमएस काढावा. तो सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्याशी जुळायला हवा. गोल, अखंड प्युपिलसाठी दुसरी पडताळणी अशी की नॉल पद्धतीचे पहिले पद, म्हणजे पिस्टन (सगळीकडे सारखीच सरक), सोडून बाकी सहगुणकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे. पदे पुरेशी असतील तर तेही जवळपास तेवढेच येते. नकाशावरचा आकडा सॉफ्टवेअरच्या आकड्याच्या ०.८८६ पट आला तर कोपऱ्यांतली शून्ये मोजली गेली आहेत. नेमका दुप्पट किंवा निम्मा आला तर पृष्ठभाग आणि तरंगाग्र यांची गल्लत आहे. नकाशा जुळतो पण सहगुणकांची बेरीज बरीच मोठी येते, तर फ्रिंजचे आकडे नॉल समजून वाचले जात आहेत का ते पाहावे. आणि फरक लहान पण ठाम असेल तर संशय टिल्टवर घ्यावा: एका बाजूला तो वजा झालेला असतो आणि दुसऱ्या बाजूला नसतो, म्हणून संदर्भातली ती राहून गेलेली नोंद भरून दोन्ही आकडे एकाच संदर्भाने पुन्हा काढावेत.